तळ्याचा गाळ आणि माशाचा घास



पुण्याच्या शनिवार पेठेतला शनिवारवाडा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. वाड्यातले हजारी कारंजे आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवितात. या वाड्याला आणि पेठांतल्या हौदांना पाणी येत असे ते कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधण्यात आला आणि तेथून बंदिस्त, चुनेगच्ची बांधकामाच्या नळातून पाणी शहरात आणले गेले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. त्यांतून नळातली हवा निघून जाई, आणि पाण्याचा वेग मोडून गाळ तळाशी बसे. पेठेतल्या हौदात पाणी पोचे तेव्हा ते चांगले निवळलेले असे. माणसाला प्यायला याहून चांगले पाणी कोणते?

त्याच शनिवार पेठेच्या कडेने, ओंकारेश्वराच्या देवळाला लागून मुठा नदी वाहते. तिचे पाणी पावसाळ्यात गढूळ, तळाला गाळ, दगडाला शेवाळ. पण मासे होते ते नदीत. दगडी हौदात कोणी चार मासे सोडले आणि वरून कोंडा टाकत राहिला, तर ते काही दिवस जगतील. नदीतल्या भावंडांसारखे वाढणार मात्र नाहीत. पेठ एकच, दोन पाण्यांतले अंतर थोड्या पावलांचे. फरक गाळाचा आहे. शेततळ्यात मासे पाळणाऱ्याने हा फरक नीट समजून घेतला, तर खनिज मिश्रणाच्या पुडीवर पैसे घालावेत की नाही हे त्याचे त्यालाच ठरविता येईल. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

नदीतल्या माशांना चारा कोण घालीत होते?

विल्यम सायक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची पाहणी करण्याचे काम त्याच्याकडे होते. (शनिवारवाडा १८२८ साली आगीत जळाला, तो याच वर्षांत.) पिके, पाऊस, पक्षी, जनावरे अशी सगळ्याची नोंद या गृहस्थाने केली, आणि मुळा-मुठा, भीमा, घोड या नद्यांतल्या माशांचीही केली. माशांवरचा त्याचा निबंध १८३९ आणि १८४१ साली लंडनमध्ये छापला गेला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने इथली मराठी नावेच पुष्कळ ठिकाणी तशीच ठेवली. खुदरी, शिंगटी, बोगट ही नावे जगभरच्या शास्त्रज्ञांना आज लॅटिन नावाच्या शेपटाला लावावी लागतात. ‘टॉर खुदरी’ हा आपला महाशीर मासा, आणि त्याचे हे नाव पुण्याजवळच्या मुळा-मुठेवरून जगात गेले.

या माशांना कोणी पेंड घातली नव्हती, खनिजे तर नाहीच. आपला काळा दगड झिजतो, त्याची माती होते. त्या मातीत लोह, मँगेनीज, जस्त, तांबे हे सगळे थोडे थोडे असते. ते गाळात उतरते, गाळातून शेवाळात, शेवाळातून किड्यांत, गोगलगाईंत, आणि तेथून माशाच्या पोटात. खुदरीसारखा मासा गोगलगाय कवचासकट फोडून खातो. म्हणजे हाडाला लागणारा माल तो स्वतःच गोळा करतो. आज शहरातून जाताना मुठेची जी दशा झाली आहे त्यात यातले फारच थोडे उरले आहे, पण ते दुःख वेगळे.

लक्षात ठेवायचे ते असे की सूक्ष्म खनिज म्हणजे नवे औषध नव्हे. माशाला ते पूर्वीपासून लागते. पूर्वी ते आपसूक मिळत होते, इतकेच.

गळ्याला गाठ आलेले मासे

ही गोष्ट माणसाला प्रथम ठसठशीत दिसली ती अमेरिकेत. तेथे थंड पाण्यातला ट्राउट नावाचा मासा सरकारी केंद्रांत बांधीव कुंडांतून वाढवीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या माशांच्या गळ्याखाली, कल्ल्यांच्या मध्ये, गाठी येऊ लागल्या. मासे मरू लागले. मोठमोठ्या जाणत्या लोकांनी निदान केले की हा कर्करोग आहे, आणि तो एका माशापासून दुसऱ्याला लागतो की काय याचीही भीती पसरली.

डेव्हिड मरीन नावाच्या डॉक्टरने पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कुंडांवर जाऊन हा प्रकार पाहिला. १९१० आणि १९११ साली त्याने आपला निष्कर्ष छापला: हा कर्करोग नाही, हा गलगंड आहे. डोंगराळ मुलखात माणसांच्या गळ्याला येतो तोच. त्याने काय पाहिले बघा. मासे दाटीने ठेवलेले. खायला काय, तर डुकराचे काळीज आणि हृदय बारीक करून. हे अन्न कसदार खरे, पण त्यात आयोडीन नगण्य. नैसर्गिक किडामुंगी त्या कुंडांत नाहीच. मरीनने पाण्यात अगदी थोडे आयोडीन सोडले, आणि गाठी ओसरू लागल्या. पुढे काळजाऐवजी समुद्रातले मासे कापून खायला घातले, तेव्हाही गाठी टळल्या, कारण समुद्राच्या माशात आयोडीन असते.

हाच मरीन पुढे १९१७ साली ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी शाळेतल्या मुलींना थोडे थोडे आयोडीन देऊन गलगंड टाळता येतो हे दाखविण्याच्या कामाला लागला. त्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून आणि अमेरिकेच्या मिशिगन राज्यात १९२४ पासून आयोडीनयुक्त मीठ आले. आपल्याकडे १९५६ साली हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या पथकाने अशा मिठाचा प्रयोग सुरू केला, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम निघाला. तेव्हा आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पिशवीवर ‘आयोडीनयुक्त’ असे वाचाल, तेव्हा त्या कुंडातल्या माशांची आठवण ठेवायला हरकत नाही.

त्या माशांचे बिघडले कुठे? अन्न भरपूर होते, पाणी वाहते होते. पण तळ गेला होता, आणि तळाबरोबर तळाचा चारा गेला होता.

कोंडा आणि पेंड

आता आपल्या तळ्यांकडे या. कटला, रोहू, मृगळ हे मासे बंद तळ्यात आपण होऊन अंडी घालीत नाहीत. त्यामुळे पूर्वी बीज नद्यांतून धरावे लागे, आणि ते बंगालसारख्या प्रांतांतून रेल्वेने दूरदूर जाई. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या जातींचे प्रजनन करून दाखविले. १० जुलै हा दिवस त्यासाठीच मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. १९५९ साली चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प आणि गवत्या म्हणजे ग्रास कार्प हे परदेशी मासेही देशात आले. १९७१ मध्ये मिश्र मत्स्यसंवर्धनाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. त्याच्या केंद्रांत पुण्याचेही केंद्र होते. वरच्या थरात खाणारा कटला, मधल्या थरातला रोहू, तळाशी चरणारे मृगळ आणि सायप्रिनस, असे एकाच तळ्यात वेगवेगळ्या तोंडांचे मासे सोडण्याची पद्धत या प्रकल्पाने देशभर रुजविली.

या पद्धतीचे खाद्य सगळ्यांना ठाऊक आहे: भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड, वजनाने निम्मे निम्मे. त्यात खनिज मिश्रण घातले काय, न घातले काय, मासे वाढत. याचे कारण पेंडीत नव्हते. तळे मातीचे होते. त्यात शेण पडे, सुपर फॉस्फेट पडे, चुना पडे. त्यावर शेवाळ आणि सूक्ष्म किडे माजत. सायप्रिनस तर डुकरासारखा गाळ उकरीत फिरतो. म्हणजे पेंड-कोंडा ही नुसती वरकड भाकरी होती. कालवण तळ्यातच शिजत होते.

कोंडा हे खाद्य म्हणून तसे अर्धवटच आहे. त्यात स्फुरद भरपूर, पण तो बहुतेक सारा फायटिक आम्लात बांधलेला असतो. माशाला तो सुटत नाही. उलट हे आम्ल पोटात जस्तालाही धरून ठेवते. मातीच्या तळ्यात ही उणीव झाकली जात होती.

जपानचे आकडे

ही उणीव नेमकी केवढी, ते मोजण्याचे काम जपानमध्ये झाले. तेथे सायप्रिनस हा फार मानाचा मासा. टोकियोच्या मत्स्य विद्यापीठातले चिन्किची ओगिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ ते १९८० या वर्षांत एकेक खनिज खाद्यातून काढून पाहिले. हौदात तळ नाही, गाळ नाही, बाहेरचा किडा नाही. मग काय होते?

१९७६ साली त्यांनी दाखविले की सायप्रिनसच्या खाद्यात उपयोगी पडणारा स्फुरद ०.६ ते ०.७ टक्का तरी हवा. नाही तर वाढ खुंटते आणि डोक्याची हाडे वेडीवाकडी होतात. कॅल्शियमची तेवढी ओढ नसते, कारण मासा तो कल्ल्यांवाटे पाण्यातून घेऊ शकतो. स्फुरद मात्र पाण्यात इतका थोडा असतो की तो खाद्यातूनच यावा लागतो. १९७८ मध्ये जस्ताशिवाय वाढविलेल्या ट्राउट माशांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. सायप्रिनसला किलोभर खाद्यात जस्त १५ ते ३० मिलिग्रॅम, मँगेनीज १३ मिलिग्रॅम, तांबे ३ मिलिग्रॅम लागते असे त्यांच्या मोजणीत निघाले. एक मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग. आपण भाताला झिंक सल्फेट टाकतो ना, १९६६ साली पंतनगरला डॉ. नेने यांनी भाताच्या खैरा रोगाचे मूळ जस्ताच्या कमतरतेत शोधून काढल्यापासून? तोच हा जस्त. पिकाच्या जागी मासा, एवढाच फरक.

आता या जपानी कामातली सर्वांत उपयोगाची गोष्ट. सायप्रिनसला, तसेच रोहू-कटल्यालाही, जठर नसते. गाईगुरांच्या किंवा माणसाच्या पोटात आम्ल असते, त्यात हाड विरघळते. या माशांत ते आम्लच नाही. म्हणून हाडातला स्फुरद त्यांना सुटत नाही. ओगिनोंच्या मोजणीत हाडासारख्या रूपातल्या म्हणजे ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमधल्या १०० भाग स्फुरदापैकी सायप्रिनसला १३ भागच लागू पडले. डायकॅल्शियम फॉस्फेटमधले ४६, आणि मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधले ९४. हाडांचा चुरा स्वस्त पडतो म्हणून जो आणून टाकतो, त्याचा बहुतेक पैसा माशाच्या शेणातून तळाशी जातो. चिलापी आणि पंगस यांना जठर असते, त्यांना तो बराच पचतो.

हाडाचा अतिरेक वाईटही. १९७९ साली अमेरिकेत दिसून आले की ज्या मासळीच्या कुटात काटे-हाडे जास्त, ते खाणाऱ्या ट्राउटला मोतीबिंदू येतो, कारण हाडातला चुना-स्फुरद जस्ताला अडवितो. वरून जस्त घातल्यावर मोतीबिंदू टळला. ‘जास्त खनिज म्हणजे जास्त ताकद’ असे पुडी विकणारा सांगेल, तेव्हा हे त्याला ऐकवावे.

कागदाचे तळे

आपल्या भागात मोठा बदल झाला तो २००५ नंतर. फलोत्पादन अभियानातून सामूहिक शेततळी आली, आणि २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. पुरंदर, बारामती, इंदापूरकडे जिकडे तिकडे काळ्या कागदाची तळी दिसू लागली. पाणी झिरपू नये म्हणून प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले. पाणी आहेच तर मासे सोडू, हा विचार चांगलाच आहे. पण बघा, आपण नकळत काय केले! मुठेतला मासा उचलून शनिवार पेठेतल्या हौदात ठेवला.

कागदावर गाळ नाही. शेणही आपण टाकीत नाही, कारण त्याने शेवाळ माजते आणि ठिबकचे फिल्टर तुंबतात. खाद्य मात्र तेच, जुन्या तळ्यातले: कोंडा आणि पेंड. वरकड भाकरी होती तीच आता पूर्ण जेवण झाली. धरणांतल्या जाळीच्या पिंजऱ्यांतही तेच. तेथे मासा तळापर्यंत पोचतच नाही, म्हणून पिंजऱ्यात कोंडा-पेंडीवर भागत नाही, पूर्ण गोळी खाद्यच लागते.

आमच्याकडच्या पत्रकांत ‘खाद्यात १ टक्का खनिज मिश्रण मिसळावे’ असे सरसकट छापलेले असते. छापायला ते सोपे. पण मातीचे तळे, शेणखत घातलेले, पाणी हिरवट, हेक्टरी मासे बेताचे, अशा ठिकाणी त्या पुडीवर खर्च करण्याआधी शेण, चुना आणि सुपर फॉस्फेट वेळेवर पडते की नाही ते पाहावे. पैसा तेथे जास्त फळतो. कागदाच्या तळ्यात, त्यातही नव्या आणि निवळ पाण्याच्या, मिश्रण घालावे; तेथे न घालणे महाग पडते, कारण पेंड खाल्ली जाते आणि वजन चढत नाही. कालव्याच्या गढूळ पाण्याने भरून कागदावर चार बोटे गाळ साठलेला असेल, तर ते तळे या दोन्हींच्या मध्ये कुठे तरी बसते. हात घालून बघा, म्हणजे कळेल.

उणिवेच्या खुणा सांगतो. डोळा दुधाळ, पर झिजलेले, तर जस्त. डोके किंवा पाठ वाकडी, तर स्फुरद. कल्ले फिकट, तर लोह. गळ्याखाली फुगवटा, तर आयोडीन. पण एका माशावरून निदान करू नका. डोळा जाळ्याच्या घर्षणानेही पांढरा होतो, कल्ले जंतांनीही फिकटतात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर ती प्राणवायूची कमतरता, खनिजाची नव्हे. त्या वेळी पुडी शोधू नका, पाणी बदला.

गुरांचे खनिज मिश्रण माशांना चालते का, असा प्रश्न नेहमी येतो. मीठ न घातलेले, भारतीय मानक चिन्हाचे चांगले मिश्रण चालते. लेबल वाचावे. त्यावर जस्त ०.८ टक्का असेल, तर १०० किलो खाद्यात १ किलो मिश्रणाने किलोमागे ८० मिलिग्रॅम जस्त मिळते. कोंड्याने काही अडविले तरी भागावे इतके ते आहे. दुप्पट घालण्याचे कारण नाही. कार्प जातींसाठी स्फुरदाचा आधार मोनोकॅल्शियम फॉस्फेटचा मिळाला तर तो घ्यावा. आणि मिश्रण पाण्यात फेकू नये. मोरचूद म्हणजे तांबेच, आणि पाण्यात उतरलेले तांबे माशाला विष आहे, विशेषतः पाणी मऊ असेल तर. तांबे घासातून जावे, तेही चिमटीने.

घालायचे कसे? तळ्यात अंदाजे ५०० किलो मासे असतील आणि वजनाच्या २ टक्के खाद्य देत असाल, तर रोजचे खाद्य १० किलो आणि मिश्रण १०० ग्रॅम. हे १०० ग्रॅम सरळ १० किलोत टाकले तर एका माशाला पोटभर आणि दुसऱ्याला काहीच नाही. आधी ते किलोभर कोरड्या कोंड्यात हाताने चांगले कालवा. मग तो कोंडा बाकीच्या कोंड्यात मिसळा, आणि भिजवलेली पेंड शेवटी घाला. गोळे घट्ट बांधून टोपलीत किंवा छिद्रे पाडलेल्या पोत्यात ठेवून पाण्यात सोडा, म्हणजे खनिज विरघळून जाण्याआधी मासा ते उचलतो. दोन तासांनी टोपली वर काढून पाहा. खाद्य उरले असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी करा. उरलेली पुडी तोंड बांधून कोरड्या जागी ठेवा. ओल लागून गड्डे झालेले मिश्रण सारखे कालवले जात नाही.